पहिली पन्नास मिनिटं

निकुंभ, काल जेवणाच्या सुट्टीत तू विचारलंस,
म्हणजे विचारलं नाहीस, डबा बंद करता करता पुटपुटलास,
"ते फोनवरचं समुपदेशन, त्यात करतात काय नक्की?"
तेवढ्यात भोंगा झाला. म्हणून लिहून देतो.

आधी एक फॉर्म येतो.
गेल्या पंधरवड्यात झोप किती वेळा मोडली:
कधी नाही, अधूनमधून, बरेचदा, रोजच.
वीस वर्षं सातपूरला व्हर्नियर धरलेला मी,
शून्य पॉइंट शून्य दोनच्या पुढे गेला की जॉब बाजूला काढणारा,
मला हे माप वाचता येईना.
"बरेचदा"वर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

मग विचारतात, अडचणीत कुणाला फोन करायचा.
तिथे खूप वेळ गेला.
शेवटी मेव्हण्याचा नंबर टाकला,
ज्याच्याशी दिवाळीपासून बोलणं नाही.

घरात जागा नाही. दोन खोल्या, पोरीची बारावी.
म्हणून गाडीत बसलो, पाथर्डी फाट्याला, सोसायटीबाहेर,
काचा वर, मोबाइल स्टिअरिंगला रबरबँडने बांधलेला.
समोर पांडवलेणीचा डोंगर.

त्यांचं नाव सुनेत्रा गांगुर्डे.
माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील.
आधी नियमच सांगितले:
इथलं बोलणं इथेच राहील,
मात्र कुणाच्या जिवावर बेतेल असं कळलं तर गप्प बसणार नाही.
नेट गेलं तर त्या साधा फोन करतील.
मला बरं वाटलं. नियम असले की मला बरंच वाटतं.

एक सांगून ठेवतो, कोपऱ्यात आपलंच तोंड दिसत राहतं.
त्यांच्यापेक्षा त्या चौकोनातल्या माणसाची नजर
मी जास्त चुकवत होतो.
त्यांच्या लक्षात आलं. तो झाकता येतो, म्हणाल्या.
झाकला.

"आज यावंसं का वाटलं?"
काही नाही, म्हटलं, झोपेचं जरा.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
मला वाटलं नेट गेलं, मी हॅलो हॅलो करायला लागलो.
"आहे मी. सावकाश बोला."
निकुंभ, लाइट गेल्यावर सगळे लेथ एकदम थांबतात ना,
तशी ती शांतता.
कानात आधीची घरघर तशीच,
आणि तिच्याखाली अजून काहीतरी, बारीक.

तेवढ्यात वॉचमनने काच वाजवली,
"गाडी पुढे घ्या, पाण्याचा टँकर यायचाय."
पंधरा फूट पुढे घेतली. सगळं मुसळ केरात, म्हटलं.
पण त्या तिथेच होत्या.
"तुम्ही म्हणत होतात, वर घरी जावंसं वाटत नाही."
असं म्हणालो होतो मी?
म्हणालो असणार.

रोज शिफ्ट सुटल्यावर मी याच सीटवर चाळीस मिनिटं बसतो.
घरी ओव्हरटाइम सांगतो.
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
आता एकीला आहे, आणि तुला.

रडलो नाही. तू तेच विचारणार होतास.
उपाय मागितला, गोळी, व्यायाम, काहीतरी.
आज फक्त ओळख, म्हणाल्या,
माझ्याशी नाही जमलं तर दुसरं कुणी सुचवीन, संकोच नको.
पुढचा मंगळवार ठरला.

फोन ठेवला तेव्हा डोंगर अंधारात गेला होता,
डोकं ठणकत होतं.
हलकं वाटलं असं म्हणणार नाही.
भूक मात्र लागली, खरी.
वर गेलो. कुंदा म्हणाली, "ओव्हरटाइम?"
नाही, म्हटलं.
तिने पुढे विचारलं नाही. पोळी मात्र गरम वाढली.

तुझ्याकडे तर बाइक. माझी गाडी घे.
किल्ली टूलरूमच्या खिळ्यावर असते.
टँकर सहाला येतो,
आधीच थोडी पुढे लाव.